बारावा, चौदावा, सोळावा

वंध्यत्वाच्या दवाखान्यात समुपदेशकाची खोली बहुधा जिथे जागा उरली तिथे असते. जोडप्यांना समुपदेशन मिळालंच पाहिजे असं २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने ठरवलं, म्हणून निदान खुर्ची तरी आली. त्या खुर्चीत बसून पुष्कळदा खर्चाचा तक्ता समजावला जातो, संमतीपत्रावर सह्या घेतल्या जातात, की झालं काम. पुण्यातल्या अशाच एका खोलीत बसणारी समुपदेशक मात्र सह्यांच्या आधी नवऱ्याला कुठल्या तरी तपासणीच्या निमित्ताने बाहेर पाठवते आणि बाईला विचारते, "मागे कधी कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली होती का?"

हा प्रश्न नवऱ्यासमोर किंवा सासूबाईंसमोर विचारायचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दर चौघींपैकी साधारण एकीने नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. मूल हवं म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बायका काही त्या आकड्याबाहेरच्या नसतात. कुणाचं हे दुसरं लग्न असतं, कुणाचं पहिलंच, पण त्याआधीचं एखादं नातं कुणालाच ठाऊक नसतं.

अशीच एक बाई. पहिला नवरा मारायचा, रात्री नको म्हटलेलं चालायचं नाही. दुसरा सरळ माणूस. दोघांना मूल हवंय, रिपोर्ट बरे आहेत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहून दिलं: पाळीच्या बाराव्या, चौदाव्या, सोळाव्या दिवशी संबंध. महिनाभर छान असणारं जोडपं बाराव्या दिवशी भांडू लागलं. बाईला त्या दिवशी सकाळपासून मळमळायचं. "हे चांगलेच आहेत हो मॅडम," ती म्हणाली, "पण आज ठेवायचेच म्हटलं की अंगावर काटा येतो."

समुपदेशकाच्या मते खोट त्या कागदात होती. नवरा बदलला, घर बदललं, पण हुकूम तोच राहिला. तेव्हा नवऱ्याचा होता, आता कॅलेंडरचा. मनावरची जखम आधी पूर्ण भरू दे, मग मुलाचं बघू, असा सल्ला पुष्कळ जण देतात. पस्तिशीच्या बाईला तो सल्ला फार महाग पडतो. तेव्हा दोन्ही कामं एकदमच चालवायची, आणि त्यासाठी उपचारात 'नाही' म्हणायला जागा करायची.

इथे शरीरशास्त्र मदतीला येतं. अंडं फुटल्यावर बारा ते चोवीस तास टिकतं, पण शुक्रजंतू गर्भाशयाच्या मार्गात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. अॅलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये सव्वासहाशे मासिक चक्रांची मोजणी करून दाखवलं, की दिवस राहण्याचे दिवस सहा असतात, आणि ते अंडं फुटण्याच्या दिवसापर्यंतचे. म्हणजे एक रात्र हुकली म्हणून महिना वाया जात नाही. समुपदेशकाने तारखा खोडून त्या सहा दिवसांची पट्टी आखून दिली आणि सांगितलं, "यातला कुठलाही दिवस नको म्हणा. कारण सांगू नका." नवऱ्यालाही ते पटलं. खरं तर सुटका त्याचीही झाली होती. हुकमावर तोही थकला होता, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सोनोग्राफीचं प्रकरण याहून अवघड. फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, वाढतंय का हे पाहायला बाईला दर एक-दोन दिवसांनी टेबलावर घेतात. कंडोम चढवलेला, जेली लावलेला प्रोब आत जातो. ही आतून करायची सोनोग्राफी उरकायच्या घाईत कुणीतरी म्हणतं, "ढिलं सोडा, काही होत नाही." नेमकं हेच वाक्य तिने पूर्वी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं होतं. मग ठरलं ते असं: हात लावण्याआधी सांगायचं, प्रोब तिने स्वतःच्या हाताने आत घ्यायचा, तिने तळहात वर केला की थांबायचं. सिस्टरची पहिली हरकत होती, वेळ जाईल. प्रत्यक्षात आखडलेल्या बाईशी झटापट करण्यापेक्षा वेळ कमीच लागला.

केसपेपरचीही काळजी घ्यावी लागते. आधीच्या गर्भपाताची नोंद तिथे 'जी वन, ए वन' (एकदा दिवस राहिले, एकदा गर्भपात) अशी असते, आणि फाईल हातात घेऊन नवराच रांगेत उभा असतो. त्यातलं किती सांगायचं, कधी सांगायचं, हे बाईने ठरवायचं असतं. रिसेप्शनवरून मोठ्याने वाचून दाखवायची ही गोष्ट नव्हे.

आणि नातेवाइकांचं ते लाडकं वाक्य, "टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे राहील." जॅकी बॉयव्हिन यांच्या गटाने २०११मध्ये चौदा अभ्यासांतल्या साडेतीन हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र तपासली. उपचारापूर्वीची चिंता किंवा उदासी आणि त्या फेरीचं अपयश, यांत त्यांना संबंध आढळला नाही. पाळी आली की 'माझ्याच जुन्या भीतीने घालवलं' असं म्हणणाऱ्या बाईसमोर समुपदेशक हा अभ्यास ठेवते. काहींना आकडा पटतो, काहींना मुळीच नाही. मग त्या महिन्यापुरती औषधं, तारखा, सोनोग्राफी सगळं बंद ठेवायचं, हेही उपचारातच धरलेलं असतं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण फाईलवर तसं लिहिलं जातं.

दिवस राहिले की दवाखान्याचं काम संपतं. बाईचं संपत नाही, कारण बाळंतपणात कळा जोर धरू लागल्यावर आतून तपासणी साधारण दर चार तासांनी होते. म्हणून समुपदेशक प्रसूतिगृहासाठी अर्ध्या पानाचं पत्र देते: आधी सांगा, विचारा, हात वर केला तर थांबा, शक्यतो बाई डॉक्टर. कारण लिहायचं की नाही, हे बाई ठरवते. या बाईने नाही लिहिलं. नवऱ्याने पत्राच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्या, कारण लेबर रूममध्ये दर शिफ्टला माणसं बदलतात.