सांगलीतले दोन निवांत दिवस



सुट्टीत आपण शिक्षक मंडळी कुठेही गेलो तरी त्याची शैक्षणिक सहल करूनच परततो. तुमच्या घरी वेगळं असेल तर सांगा! मी मात्र या मे महिन्यात ठरवलं होतं की सांगलीला मैत्रिणींकडे दोन दिवस नुसतं जायचं. काही बघायचं नाही, काही शिकवायचं नाही. सोबत दहावी झालेली लेक.

आता खरं सांगते. 'नुसतं' वगैरे काही नव्हतं. लेकीला अकरावीला आर्ट्स घ्यायचं आहे आणि आमच्या घरी कुणालाच ते पटत नाही. सांगलीत विश्रामबागला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहे. जाता जाता सहज दाखवू, पोरीचं मन वळेल, असा माझा बेत होता.

आम्ही तिघी मैत्रिणी विलिंग्डन कॉलेजच्या. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेलं हे कॉलेज. पहिल्या दिवशी सकाळी तिथेच गेलो. तेच दगडी बांधकाम, तीच झाडं. सुट्टीमुळे सगळं शांत होतं. एका कट्ट्यावर बसून आम्ही दोन तास काढले. कोण कुठल्या सरांच्या तासाला झोपायचं, मेसच्या आमटीत डाळ कशी शोधावी लागायची, असल्याच गप्पा. लेक म्हणाली, "आई, तू इथे काय शिकलीस?" मी म्हटलं, "बी.ए. मराठी." ती गप्प बसली. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि तीही गप्प. त्या शांततेत मला जरा उकडायलाच लागलं!

उठता उठता मी म्हटलं, "वालचंद जवळच आहे, जाऊन येऊ या." मैत्रीण म्हणाली, "सुट्टी आहे ना तुला? मग जेवायला चल की." गेलो जेवायला.

संध्याकाळी गावभागात दुसरीच्या घरी. ऑगस्ट २०१९ च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, त्याची खूण तिने भिंतीवर मुद्दाम ठेवली आहे. तिथून आयर्विन पुलावर गेलो. मी सवयीने सुरू केलं, "हा पूल १९२९ चा बरं का, आणि कृष्णा नदी उगम पावते ती..." तशी दोघी एकदम ओरडल्या, "शाळा सुटली गं बाई!" लेक खूप दिवसांनी मोकळं हसली. दहावीच्या वर्षात आमच्या घरातलं हसणं कमीच झालं होतं, हे मला तिथे कठड्याला टेकून उभी असताना जाणवलं.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. सतारमेकर गल्ली तुम्ही पाहिली नसेल तर जरूर पाहा, पण मुलांच्या हातात वही देऊ नका. पूर्वी शस्त्रांना धार लावणारे शिकलगार इथे सतारी करायला लागले आणि पुढे घराण्यांनी तोच व्यवसाय धरला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात मोठमोठे वाळलेले भोपळे रचून ठेवलेले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात.

एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने अगदी हलका घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तारेखाली बारीक दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की साधा 'टण्' आवाज एकदम गुंजायला लागतो. लेक खाली बसली ती उठेचना. "कधी थांबायचं हे कसं कळतं?" "जास्त घासलं गेलं तर?" "तुम्हाला कुणी शिकवलं?" वर्षभर घरात एकेका शब्दात उत्तरं देणारी ही मुलगी! मी मध्ये बोलणार, एवढ्यात मैत्रिणीने माझा हात दाबला.

ते चाचा म्हणाले, "वडिलांनी बरीच वर्षं कानस हातात दिलीच नाही बेटा. म्हणायचे, आधी शेजारी बसून ऐक."

मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. वर्गात प्रश्न विचारून तीन सेकंदसुद्धा मी थांबत नाही, उत्तर स्वतःच देऊन मोकळी होते. आणि घरी? घरी तर प्रश्नही मीच ठरवते.

परतताना स्टँडवर मैत्रिणीने भडंगाचे दोन पुडे हातात कोंबले आणि हळूच म्हणाली, "बी.ए. करून तुझं काय वाईट झालं गं?" गाडी सुटत होती, म्हणून बरं.

वाटेत लेकीनेच विषय काढला. "आई, तुला वालचंद दाखवायचं होतं ना मला? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारतेस याची वाट बघत होते."

मग मी विचारलं. कऱ्हाड येईपर्यंत ती बोलत होती. इतिहास का घ्यायचा, पुढे काय करायचं, कुठली कॉलेजं तिने आधीच शोधून ठेवली आहेत. काही मुद्दे मला पटले, काही अजून नाहीत. भडंगाचा एक पुडा मात्र तिथेच संपला.

अकरावीचा अर्ज अजून भरायचा आहे. रविवारी तिचे बाबा घरी असतात, तेव्हा तिघं मिळून बसणार आहोत. सुरुवात ती करणार आहे.