मॅन्युअल कोण वाचतं?

संपादकांनी फोनवर विषय दिला : 'टेक्निकल रायटिंगमधलं करिअर. तरुणांना उपयोगी पडेल असं लिहा, पण फार तांत्रिक नको.' प्रयत्न करतो.

या धंद्याबद्दलचा पहिला गैरसमज म्हणजे इंग्रजी बरं असलं की झालं. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक अजूनही विचारतात, 'म्हणजे टायपिंगच ना?' दुसरा गैरसमज त्याहून चिवट : मॅन्युअल कोणी वाचत नाही. वाचतात हो! गाडं अडलं की वाचतात. रात्रपाळीत, ग्रीसने माखलेल्या हातांनी, आणि पहिल्या पानापासून नव्हे, तर जिथे अडलंय तिथूनच.

गेल्या वर्षी एका पंप कंपनीचं काम आलं. नाव नको. एका गिऱ्हाइकाकडे पंप कोरडा चालला आणि मेकॅनिकल सील जळालं. सीलच्या एकमेकांवर फिरणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये पाण्याचा पातळ थर लागतो. तो नसला की ते तापून निकामी होतात. 'मॅन्युअलमध्ये सूचना दिली होती,' म्हणत कंपनीने हात वर केले. सूचना होती, खरंच. सुरुवातीच्या इशाऱ्यांच्या गर्दीत, 'लहान मुलांपासून दूर ठेवा' आणि 'पॅकिंगच्या पट्ट्या जपून कापा' यांच्या मधोमध. पंप सुरू करण्याच्या पानावर मात्र अवाक्षर नाही.

ते पान मी असं लिहिलं. एक, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करा. दोन, एअर कॉक उघडा. तीन, कॉकमधून बुडबुडे थांबून पाण्याची अखंड धार येईपर्यंत पंपात पाणी भरा. चार, एअर कॉक बंद करा. मग चौकट : 'पंप कोरडा चालवू नका. सील जळेल.' आणि त्यानंतर पाच, मोटर सुरू करा.

चौकट पाचव्या पायरीच्या आधी. हा माझा जुना हट्ट आहे. बटण दाबून झाल्यावर वाचलेला इशारा म्हणजे पंचनामा! विमानांच्या देखभालीसाठी युरोपात 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' तयार झालं. त्यात कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत बसवावं लागतं, एका वाक्यात सहसा एकच कृती येते आणि इशाऱ्याची सुरुवात थेट आज्ञेने किंवा अटीने होते. वाचणाऱ्याचं लक्ष थोडं असतं, ते जपून खर्च करायचं, एवढंच या नियमांमागचं शहाणपण.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणाऱ्या उत्पादकावर जबाबदारी टाकली. चांगलंच झालं. पण कंपन्यांच्या कायदा विभागांनी त्यातून 'जितके इशारे तितकं संरक्षण' असा अर्थ काढला. सुरुवातीचे निम्मे इशारे काढा, असं मी बैठकीत सुचवलं. वकीलसाहेब म्हणाले, 'वाढवा हवं तर, काढायचं नाही काही.' शेवटी यादी तशीच राहिली आणि मला माझी चौकट मिळाली. यात मी जिंकलो की हरलो, अजून ठरत नाही.

करिअर म्हणाल तर ते अशा भांडणांवरच उभं राहतं. डिटा, मार्कडाउन, गिट शिकावं लागतंच. सॉफ्टवेअरमध्ये जायचं तर एपीआयही समजून घ्यावं लागतं. पण हत्यारं दर काही वर्षांनी बदलतात. इंजिनिअरला बावळट वाटेल असा प्रश्न तिसऱ्यांदा विचारताना ज्याला लाज वाटत नाही, तो टिकतो.

टिकतो, हे मी पूर्वी जास्त ठामपणे म्हणत असे. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही आमच्या व्यवसायातली मातब्बर संस्था २०२५ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत निघाली. एआय मिनिटभरात गुळगुळीत मसुदा हातात ठेवतं. कंपन्या विचारतात, मग तुम्ही कशाला? एअर कॉक भिंतीच्या बाजूला आला तर तिथे पाना शिरतो का, हे कोणीतरी वाकून बघावं लागतं, म्हणून.

माझ्याकडे काम मागायला येणाऱ्यांची प्रमाणपत्रं मी शेवटी बघतो. आधी एवढं करा : घरातल्या वॉटर प्युरिफायरचा फिल्टर कसा बदलायचा, ते एका पानात लिहा. ज्याने तो कधीच बदललेला नाही, त्याच्या हातात पान द्या आणि तोंड मिटून शेजारी उभे राहा. तो जिथे अडेल, तिथे चूक तुमच्या वाक्याची आहे, त्याची नाही. वाक्य बदला आणि दोन्ही मसुदे घेऊन या.