पाणी ताप वाहतें

वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत थंडाव्याचें दुसरें नांव पाणी. माठ पाझरतो, कूलरचा वाळा भिजतो. त्यांतील कांहीं पाणी वाफ होऊन उडतें व उष्णता सोबत नेतें. म्हणून अकोल्याच्या घरीं पुतण्यानें पाण्यानें थंड राहणारा संगणक आणला, तेव्हां मंडळींस वाटलें, यास उन्हाची भीति नाहीं.

परंतु वैशाखांत त्यांतील ग्राफिक्स कार्ड नव्वद अंश सेल्सिअसवर जाऊन काम मंदावूं लागलें. चित्रफितीचें काम आठवड्यांत द्यावयाचें. नवें कार्ड म्हणजे घरखर्चाची ओढाताण.

वहिनींनीं विचारलें, "पाणी तापलें आहे का रे?" प्रश्न मार्मिक होता. पाणीही फार तापलें, तर दोष रेडिएटरवरील धुळीचा किंवा पंख्यांचा. पाणी कोमट व कार्डच तप्त, तर पंप मंदावला, अथवा चिप आणि पाणी खेळविणारा तांब्याचा ठोकळा यांमधील लेप वाळला. येथें पाणी कोमट होतें, पंपही ठीक होता. लेप बदलतांच कार्ड सत्तरावर आलें.

तरी मर्यादा राहतेच. बंद नळींतील पाणी माठांतल्यासारखें उडत नाहीं. तें उष्णता खोलींतील हवेस नेऊन देतें. अर्थात् त्या हवेहून तें थंड होणें नाहीं. मे २०२० मध्यें अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला होता! म्हणून जड काम आतां पहांटे चालतें.

ताप दिसतो तेथेंच दोष असतो असें नाहीं. तो कोठें अडला, हें आधीं पाहावें. माणसांच्या बाबतींतही हें खरें आहे.