दहा बोटांची भाषा

बदली कुंभकोणमला झाली आणि आम्ही बिऱ्हाड केले ते तेथून दोन कोसांवरच्या तिरुनागेश्वरम् येथे. येथील नागनाथस्वामींच्या देवळात राहूचे स्वतंत्र स्थान आहे. राहुकाळात त्याच्यावर दुधाचा अभिषेक होतो व ते दूध निळे दिसू लागते, अशी भाविकांची श्रद्धा. साहजिकच या गावात घड्याळाला मोठा मान. रविवारी साडेचार ते सहा या वेळेत शेजारी नव्या कामाला हात लावीत नसत, याची आम्ही घरात थोडी थट्टाही करीत असू. पुढे घड्याळाचे मोल आम्हांला घरातच कळावयाचे होते.

आमच्या थोरल्या भगिनी, आक्का, आमच्याकडेच असत. त्यांचा कर्करोग हाडांत उतरला होता. रोग हटणार नाही, पण वेदना आवरता येईल, असे सांगून डॉक्टरांनी मॉर्फिनचे औषध दर चार तासांनी पोटात देण्यास लिहून दिले. नाव ऐकूनच आम्ही बिचकलो. व्यसन लागेल, पुढे औषध लागू पडणार नाही, अशा शंकांनी आम्ही परस्पर ठरविले की, अगदीच असह्य झाल्याशिवाय द्यावयाचे नाही. आक्काही भिडस्त, परमुलखात भावाला किती त्रास द्यावा म्हणून मागत नसत. एका रात्री दोन वाजता आम्ही उठलो, तेव्हा त्या उशीचे टोक दातांत धरून पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी परिचारिका घरी आली. तिला मराठी येत नव्हते, आक्कांना तमिळ. तिने आपली दहा बोटे पुढे धरली : मिटलेली मूठ म्हणजे वेदना नाही, दहाही बोटे म्हणजे याहून अधिक वेदना असू शकत नाही. आक्कांनी आठ बोटे वर केली. मग तिने औषधाची वही मागितली. रिकाम्या रकान्यांकडे पाहून ती आम्हांला रागे भरली नाही, हेच आम्हांला अधिक लागले.

तिने समजावून दिले की वेदना भडकल्यावर तिच्यामागे धावू नये. ती जागी होण्यापूर्वीच मात्रा पोटात जावी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या औषधाचे व्यसन सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र होते, म्हणून त्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. मध्यरात्री उठवावे लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून तिने निजतानाची मात्रा वाढवून घेतली. झोप उडविणारी स्टेरॉईडची गोळी संध्याकाळऐवजी सकाळी आली. दिवसा ओसरीवर उजेडात बसविणे, रात्री गुडघ्यांमध्ये उशी, मंद दिवा. आणि कशाची भीती वाटते, हे जवळ बसून विचारणे.

यात जादू नव्हती. प्रथम परिचारिका व मग डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर रुग्णाश्रम उघडला, तेव्हापासून ‘औषध घड्याळाप्रमाणे’ हा धडा जगाला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली तोच सांगितला. कालिकतच्या मंडळींनी १९९३ पासून तो घरोघर नेला. तमिळनाडूनेही २०२१ साली घरपोच आरोग्यसेवेची योजना काढली, तीत अशा रुग्णांची शुश्रूषा आहे. आम्ही शिकलेली माणसे मात्र ऐकीव भीतीवर विसंबलो होतो.

चौथ्या दिवशी आक्कांनी तीनच बोटे दाखविली आणि हसून म्हणाल्या, “मूणु.” त्यांना आलेले तमिळ ते एवढे आकड्यांचे. परिचारिकाही एक मराठी शब्द शिकली. दारात पाऊल ठेवताच ती विचारी, “अम्मा, झोप?”

याच गावच्या उप्पिलिअप्पन देवाला बिनमिठाचा नैवेद्य चालतो. अजाण वधूला मीठ घालता येत नाही, म्हणून त्याने तसेच अन्न पत्करले, अशी कथा आहे. आक्कांनीही आमची अजाण सेवा तशीच पत्करली. अडीच महिन्यांनी त्या गेल्या, पहाटे, झोपेत. परंतु वहीच्या पहिल्या पानांवरचे ते रिकामे रकाने अजून आमच्यापाशी आहेत.