डोळा राखून

पुण्यास माझ्या थोरल्या बहिणीच्या, आम्हा सर्वांच्या आक्काच्या, सदनिकेत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जे फायकसचे झाड होते, ते रोपवाटिकेतून आणले तेव्हा कमरेइतके उंच होते, आणि त्याच्या तीन कोवळ्या खोडांची कोणा कुशल माळ्याने वेणी घातलेली होती. आक्का त्या घरात नांदत होती तोवर त्याची पाने ओल्या फडक्याने पुसली जात. पुढे ती मुलाकडे बंगळूरला राहावयास गेली, सदनिकेस कुलूप लागले, आणि शेजाऱ्यांनी सवडीने तांब्याभर पाणी घालावे एवढ्याच तजविजीवर त्या झाडाने कित्येक वर्षे काढली. खिडकी एकाच बाजूस असल्यामुळे ते तिकडे झुकत गेले. शेंडा छताला टेकला तेव्हा वाकून माघारी फिरला. खालची पाने गळून छातीइतक्या उंचीपर्यंत नुसते उघडे खोड उरले. आणि कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून निघालेली मुळे फरशीच्या सांध्यांतून माती शोधत भिंतीपर्यंत पोहोचली. सदनिका विकावयाचे ठरले तेव्हा आक्काने फोनवर एवढेच सांगितले, "बाकीच्या सामानाचं तुला योग्य वाटेल ते कर, ते झाड मात्र कचऱ्यात जाऊ देऊ नकोस."

महसूल खात्यातून निवृत्त होऊन मी तेव्हा अवसरी बुद्रुकच्या वडिलोपार्जित घरी राहावयास आलो होतो. मंचरच्या आसपासच्या गावांतून रात्री पुण्यास गुलटेकडीच्या बाजारात भाजी व कांदा घेऊन गेलेले टेम्पो सकाळी रिकामे परततात. त्यांतल्याच एकात गोण्यांचे अंथरूण करून, झाड आडवे निजवून, ऐन पौषात मी ते गावी आणले. अंगणातल्या कडुनिंबाखाली ते उभे केले आणि पंधरवड्याच्या आत त्याची निम्म्याहून अधिक पाने गळून पडली. येणारेजाणारे हळहळले. पण फायकसच्या या जातीचा स्वभावच असा आहे की उजेडाची दिशा, हवेतील ओलावा किंवा उष्णमान एकाएकी बदलले म्हणजे ते जुन्या जागेसाठी घडविलेली पाने टाकून देते आणि नव्या जागेच्या उन्हाला सोसतील अशी दुसरी घडविते. म्हणून त्या पानगळीच्या काळात पाणी बेताचे ठेवून, खत मुळीच न घालता, त्याला स्वस्थ राहू देणे हाच खरा उपचार होय.

वनस्पतिशास्त्रात याचे नाव फायकस बेंजामिना. लिनिअसने ते १७६७ साली दिले. ईशान्य भारतापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत हा वृक्ष रानात आपोआप वाढतो आणि तेथे तो मोठा, घेरदार, पारंब्या सोडणारा असतो. वड, पिंपळ, उंबर आणि आपल्याकडचा नांदरुक ही त्याची सख्खी भावंडे; खरचटले की पांढरा चीक वाहणारे, फळाच्या पोटात फूल लपविणारे हे सारे कूळ. दिवाणखान्यातील शोभेसाठी जगभर विकले जाणारे हे रोप वस्तुतः एका महावृक्षाचे बालरूप आहे, हे ते विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते, आणि छताला टेकलेल्या झाडांच्या बहुतेक व्यथा तेथेच सुरू होतात.

ते जमिनीतच का लावले नाही, असे मला अनेकांनी विचारले. माझ्या घराच्या भिंती मातीच्या आहेत, अंगण चारी बाजूंनी बांधलेले आहे आणि विहिरीचे कडे त्यास लागूनच आहे. पिंपळाच्या एका रोपट्याने दगडी देवळाचा कळस कसा उकलतो हे ज्याने पाहिले आहे, त्याने या कुळातील झाड अशा अंगणात लावू नये. शिवाय माझ्या मनात दुसरीच गोष्ट घर करून होती. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात 'बोन्साय नमस्ते' या नावाने जे मोठे प्रदर्शन भरले होते, ते मी पाहिले होते. आणि तेथे ताटाएवढ्या पसरट पात्रात पारंब्यांसह उभी असलेली फायकसची झाडे पाहताना, पाईन आणि मेपल यांची जपानी परंपरा आपण आदराने पाहावी, पण आपल्या हवेत, आपल्या पावसात आपल्या हाताला यश देणारे झाड वडाच्या कुळातलेच, असे मला मनापासून वाटले होते.

आमच्या शेजारच्या काकूंना झाडाचे बोन्साय करण्याचा हा बेत रुचला नाही. "वडापिंपळाच्या जातीचं झाड असं खुजं करू नये, भाऊ. घराची वाढ खुंटते म्हणतात." या बोलण्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे मला जमले नाही, कारण ज्या गावात उंबराला कुऱ्हाड लावावयास माणूस धजत नाही त्या गावाने झाडांचे पुष्कळ रक्षण केलेले असते. मी त्यांना हिरोशिमाची हकीकत सांगितली. यामाकी नावाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला एक पाईन, ज्याचे संगोपन १६२५ पासून चालू आहे असे मानले जाते, ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला तेव्हा अंगणाच्या भिंतीआड वाचला. १९७६ साली तो अमेरिकेला भेट म्हणून देण्यात आला आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात हिरवागार उभा आहे. एवढ्या पिढ्यांनी ज्या घरात त्याला रोज न चुकता पाणी घातले, त्या घराची वाढ खुंटली असे कसे म्हणावे? काकूंचे समाधान झाले नाही. तथापि त्या दिवसापासून जाता-येता झाडाची चौकशी करू लागल्या.

कात्री कशी चालवावी हे मला पुस्तकांनी पुरेसे शिकविले नाही. ते शिकविले द्राक्षाच्या छाटणीस जाणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांना सारी आळी नाना म्हणते. जुन्नर-नारायणगावच्या बागांत वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून वेलीची काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यातून घड निघतो. आयुष्यभर हेच काम केलेल्या नानांनी झाडाभोवती एक फेरी घातली, खोडावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "साहेब, आधी डोळा बघायचा, मग कात्री. द्राक्षाचं खोड नि ओलांडा, म्हणजे आडवी फांदी, साठा धरून असतो, त्याला बोडकं केलं तरी फुटतं. हे झाड नवखं आहे. जिथं हिरवं नाही, तिथनं तोडलं तर ती फांदी वाळायची." पुढे मी पडताळून पाहिले तेव्हा ते शब्दशः खरे निघाले: नांदरुक उघड्या खोडावर कोठूनही फुटतो, परंतु बेंजामिनाच्या ज्या फांदीवर एकही पान उरत नाही ती बहुधा सुकून जाते.

म्हणून त्यांच्या सांगण्यावरून आम्ही प्रथम काहीच तोडले नाही. वरचा गुंता केवळ विरळ केला, म्हणजे उघड्या खोडावर ऊन पडेल. फाल्गुन सरत आला तेव्हा वेणीच्या वरच्या अंगाला, करड्या सालीवर, मोहरीएवढे फुगीर ठिपके दिसू लागले. काही दिवसांनी त्यांतून सुईच्या अग्रासारखी टोकदार हिरवट कळी निघाली, तिच्यावरचे पातळ आवरण गळून पडले आणि आत घडी घालून ठेवलेले, तेलकट तकाकीचे पान उलगडले. तीन खोडांपैकी दोहोंवर असे डोळे आले. तिसऱ्यावर आले नाहीत.

पहिला पाऊस येण्याच्या बेताला, मृगाच्या तोंडावर, आम्ही करवत चालविली. त्याआधी पानांमागची खवले कीड साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या कापसाने पुसून काढली होती, आणि वेणी बांधण्यासाठी वापरलेली बारीक तार, जी सालीत रुतून जवळजवळ दिसेनाशी झाली होती, ती जेवढी हाती लागली तेवढी उपसून घेतली. उरलेली लाकडाने गिळली होती, ती आतच राहू दिली. या तारेच्या खाली तिन्ही खोडे परस्परांत इतकी मुरून एकजीव झाली होती की जणू एकच जाड, पिळदार खोड दिसावे, आणि त्या उपेक्षित वर्षांनी झाडाला दिलेली एकमेव दौलत तीच होती. डोळे आलेली दोन खोडे आम्ही फुटव्याच्या किंचित वर, तिरकस उतार देऊन कापली. तिसरे मात्र पाने होती तेवढ्या उंचीवरच थांबविले आणि त्याचा निकाल पुढील सालावर ढकलला. चीक भळभळून आला. पाण्याचा फवारा मारताच थांबला.

जखमेला लावावयाची पेस्ट नानांनी अंगणातच तयार केली, आणि तो विधी पाहण्यासारखा होता. शंभर ग्रॅम मोरचूद एका प्लास्टिकच्या भांड्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्यात, दोहोंत मिळून एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळी विरघळून मग एकत्र ओतावयाची आणि लाकडी काठीने ढवळावयाची, लोखंडाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. मिश्रण निळेभोर झाल्यावर त्यांनी घासून चकचकीत केलेल्या विळ्याचे पाते क्षणभर त्यात धरले, उन्हात आणून पाहिले, त्यावर तांबूस झाक दिसली तेव्हा चिमूटभर चुना वाढविला आणि पुन्हा पाते बुडविले. पाते स्वच्छ निघाले तेव्हाच ब्रश हाती घेतला. मोरचूद मोकळे राहिले तर झाडाला भाजते, हे सांगणारी ती परीक्षा. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात चोरांनी वाटेवरची द्राक्षे खाऊ नयेत म्हणून वेलींवर हे निळे मिश्रण शिंपडले जात असे, त्या वेलींना केवडा रोग होत नाही हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडले, आणि १८८५ साली त्याने ते जगापुढे मांडले. तेव्हापासून हे औषध फिरत फिरत आमच्या तालुक्यापर्यंत आले आहे. लेप देण्याची कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि झाड एका जागेहून दुसरीकडे हलविताना मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध व शेण यांचा लेप द्यावा असे त्यात सांगितलेले आहे.

एवढे उंच झाड दीड हातावर आणलेले पाहून काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मला त्या दिवसांत हावड्याच्या वनस्पती-उद्यानातील प्रचंड वडाचा मोठा आधार वाटे. एकोणिसाव्या शतकातील दोन चक्रीवादळांनी जायबंदी झालेले आणि बुरशीने पोखरलेले त्याचे मूळ खोड १९२५ साली काढून टाकावे लागले, आणि तो वृक्ष खोडावाचून, केवळ पारंब्यांवर, आजतागायत विस्तारत आहे. आमच्या नाशिक रस्त्याने संगमनेरकडे गेले तर पेमगिरीचा वडही हेच सांगतो. या कुळाचा प्राण एका शेंड्यात कोंडलेला नसतो.

पावसाने आपले काम चोख केले. श्रावणापर्यंत कापलेल्या जागांखालून इतके फुटवे आले की त्यांतले कोणते ठेवावे याचा रोज नानांशी खल चाले. आत वाढणारे, एकमेकांवर चढणारे, एकाच सांध्यातून निघालेले काढले, बाहेर वळणारे राखले, आणि त्यांपैकी चार-पाचांना ॲल्युमिनियमची मऊ तार सैल पिळाने गुंडाळून थोडे खाली झुकविले. ही तार रोज पाहावी लागते, कारण पावसाळ्यात फायकस इतक्या झपाट्याने जाड होते की पंधरवड्यात तार सालीत रुतावी, आणि एकदा तारेचा घाव सोसलेल्या झाडाला दुसरा देणे मला मान्य नव्हते.

मुळांची पाळी पुढच्या फाल्गुनात आली. कुंडी फोडल्यावर आतून निघालेला गोळा गुळाच्या ढेपेसारखा कुंडीचाच आकार घेऊन उभा राहिला. मातीचा कण दिसत नव्हता, नुसती एकाभोवती एक फिरलेली मुळे. पाण्याच्या धारेखाली, बांबूच्या टोकदार कामटीने, ती एकेक सोडविताना सारी सकाळ गेली. खाली जाणारी जाड मुळे हॅक्सॉच्या पात्याने कापली, तंतुमय मुळे राखली, आणि खोडाभोवती चहूकडे पसरणारी सहा-सात मुळे वर दिसतील अशी मोकळी ठेवली. गावच्या कुंभाराकडून पसरट, जाड बुडाचा परळ भाजण्यापूर्वीच तीन भोके पाडून घेतला होता. त्यात भरावयास विटांचे तुकडे कुटून चाळले, ज्वारीच्या दाण्याहून मोठे आणि वाटाण्याहून लहान तेवढेच घेतले, धूळ टाकून दिली. त्यात जाड वाळू आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक येथील भीमाशंकर साखर कारखान्याचे वर्षभर कुजलेले प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, अगदी थोडे मिसळले. उथळ पात्रात पाणी साचले तर मुळे कुजतात, म्हणून माती नावालाच. अन्न थोडे थोडे वरून द्यावयाचे, आणि पाणी उन्हाळ्यात दोन वेळा, एकही दिवस खाडा न करता.

त्या पाण्याने माझ्या दिवसाला जी शिस्त लावली ती छत्तीस वर्षांच्या कचेरीनेही लावली नव्हती, हे मी कृतज्ञतेने लिहितो. परगावी मुक्काम करावयाचा तर आधी काकूंकडे झाड सोपवावे लागते, आणि त्या आता ते अधिकाराने मागून घेतात. गेल्या पावसाळ्यात, ओले गोणपाट भोवती बांधून ठेवल्यावर, वेणीच्या पिळातून दोऱ्यासारखी पहिली पारंबी बाहेर पडली. ती परळातल्या मातीपर्यंत पोहोचावी म्हणून मी तिच्याभोवती ओल्या शेवाळाची नळी लावली. आक्काने फोनच्या पडद्यावर ते सारे पाहिले, "वेणी अजून आहे की रे!" म्हणाली, आणि पुढचा सगळा वेळ रोपवाटिकेच्या त्या माळ्याबद्दल बोलत राहिली.

राहिला प्रश्न तिसऱ्या खोडाचा. ते अजून बाकीच्या दोहोंच्या वर हातभर उंच आहे, आकृती बिघडवते, आणि नाना दर खेपेला त्याकडे पाहून कात्री उघडतात. मी त्याच्यावरची निम्मी पाने काढून बुडाशी ऊन पोहोचेल असे केले आहे. नानांनी आषाढापर्यंत मुदत दिली आहे: तोवर खाली हिरवा डोळा दिसला तर त्याच्या वर कापावयाचे, न दिसल्यास ते खोड वेणीपाशी मुळातून काढावयाचे आणि दोन खोडांचे झाड म्हणून पुढे घडवावयाचे, असे आमच्यात ठरले आहे.