सात फुटांची खोली

शहापुरातलं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा घरातच तयार होणार याचं मला फार कौतुक होतं. सून आर्किटेक्ट. मी तिला एवढंच सांगून ठेवलं होतं, "अगं, बाकी काय हवं ते कर, पण आमच्या दोघांची खोली खाली असू दे आणि जरा ऐसपैस असू दे." लग्न होऊन आले ती जिन्याखालच्या खोलीत. तिथं पलंग आणि कपाट मांडलं की एकानं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं बाहेर जायचं. अशीच तीस वर्षं गेली.

कच्चा नकाशा तिनं फोनवर पाठवला. स्वतः कामासाठी पुण्याला गेली होती. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन साध्या कागदावर प्रिंट काढून आणली. मापं अजून घातलेली नव्हती, पण खाली कोपऱ्यात 'प्रमाण १:५०' असं लिहिलेलं होतं. मी बी.ए.ची असले तरी शाळेत भूगोलाच्या नकाशावर पट्टी ठेवून गावांमधलं अंतर काढलेलं आहे. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास, एवढं मला कळतं. नातीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन आमच्या खोलीवर ठेवली. ४.३ सेंटिमीटर. गुणिले पन्नास, २१५. म्हणजे जेमतेम सात फूट!

दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून मोजलं. सातच. ह्यांना काही बोलले नाही. सुनेचा फोन आला, "आई, नकाशा बघितलात की नाही?" मी म्हटलं, "बघितला की. छान आहे." आणि मुलाकडे फोन दिला. चार दिवस मनात एकच घोळत होतं. सासूबाईंनी जिन्याखालची खोली दिली ती नाइलाजानं, घरात माणसंच तेवढी होती. हिनं तर कोऱ्या कागदावर काढली होती.

पाचव्या दिवशी ती आली. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आणि तिनंच विषय काढला. मी मुकाट्यानं तो कागद आणि पट्टी तिच्यापुढं ठेवली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग पट्टी उचलून आमच्या खोलीतल्या पलंगावर ठेवली. "आई, मोजा बघू." २.८ सेंटिमीटर. म्हणजे १४० सेंटिमीटर, साडेचार फूट. "बाबा मावतील ह्यात?" मग खोलीचं दार मोजायला लावलं. दोन फुटांचं निघालं! "कपाट आत कसं न्यायचं?" असं म्हणून ती हसायला लागली, आणि मला घाम फुटला.

झालं होतं असं. नकाशा ए३ कागदासाठी मांडलेला होता. मी मागितला साधा, म्हणजे ए४. दुकानातल्या मशीननं तो कागदात बसेल असा आवळून छापला. ए४ची प्रत्येक बाजू ए३च्या सुमारे ७१ टक्के. दहा फुटांचे सात झाले, पण 'प्रमाण १:५०' ही अक्षरं होती तशीच राहिली. नकाशा लहान झाला की मोठा, हे अक्षरांना काय कळणार?

मग तिनं मला शेजारी बसवून ऑटोकॅड दाखवलं. तिथं मॉडेलमध्ये घर खऱ्या मापाचंच काढतात; दहा फुटांची भिंत दहा फुटांचीच. लहान करायचं ते लेआउटमध्ये. तो छापायचा कागद, आणि त्यावर व्ह्यूपोर्ट नावाची एक खिडकी, जिच्यातून घर दिसतं. १:५० हे प्रमाण त्या खिडकीला द्यायचं आणि खिडकी लॉक करायची. लॉक केली नाही तर काय होतं, ते मीच करून दाखवलं. माउसचं चाक जरा फिरलं आणि प्रमाण भलतंच झालं. शेवटी छापताना 'फिट टू पेपर'वरची खूण काढून १:१ ठेवायचं, कारण घर लहान करण्याचं काम खिडकीनं आधीच केलेलं असतं. पीडीएफ दुसरीकडे छापली तरी 'अ‍ॅक्च्युअल साइज'च सांगायचं, आणि कागदही ए३च.

"चुकलं माझंही," ती म्हणाली, "कागद कुठला ते सांगायला हवं होतं." तिनं नकाशाच्या तळाशी एक मीटरची आडवी पट्टी काढली. कागद लहान झाला तर नकाशाबरोबर ती पट्टीही तेवढीच लहान होते, म्हणून ती कधी खोटं बोलत नाही. आधी ती मोजायची, मग खोली. आणि बांधकामाला तर कागद मोजायचाच नाही, लिहिलेली मापंच धरायची.

रात्री मला झोप येईना. सगळ्या नकाशात मी पट्टी लावली ती फक्त आमच्या खोलीला. स्वयंपाकघर मोजलं असतं, त्या दोघांची खोली मोजली असती, तर सगळंच आक्रसलेलं दिसलं असतं आणि लगेच उमगलं असतं. पण तिथं मोजायचं सुचलंच नाही. जिथं संशय होता तिथंच पट्टी गेली.

सकाळी चहा देताना तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "चार दिवस फोनवर 'छान आहे, छान आहे' चाललं होतं ते ह्यासाठी होय?"

पुढं जागेवर चुन्यानं आखणी झाली. गवंड्यानं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो पलीकडच्या रेघेपर्यंत गेला. "दहा फूट, अक्का," त्यानं तिकडून सांगितलं. सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आता त्या दोघांची मोज."