आनंदाच्या गावाचे तळघर

उल्हासनगर म्हणजे आनंदाचे गाव. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली छावणीला हे नाव मिळाले. आज तिथून अंबरनाथ, बदलापूरकडे जाताना टॉवरच्या जाहिराती दिसतात. बाग, झोके, मोकळी हवा, चोवीस तास पाणी. वाचून वाटते, स्वर्ग काही लांब नाही.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना अशा स्वर्गाचा जुना संशय आहे. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या ‘द टाइम मशीन’मध्ये सुखी माणसे बागेत खेळतात आणि त्यांच्या पायाखालच्या अंधारात कष्टकऱ्यांचे वंशज यंत्रे चालवतात. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९७३ साली ओमेलास नावाच्या सुखी शहराची कथा लिहिली. तेथे एका तळघरात एक मूल कोंडलेले आहे. त्याच्या दुःखावरच शहराचे सुख उभे आहे. मुले आठ ते बारा वर्षांची झाली की त्यांना हे सांगतात. बहुतेक जण रडतात, चिडतात आणि मग गप्प बसतात. थोडे जण शहर सोडून जातात.

आम्ही कारकून. बी.कॉम. झालो म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन-चार सोसायट्यांचे हिशेब लिहून देतो. बागेच्या खर्चाला बिल असते, लिफ्टच्या दुरुस्तीला सही-शिक्का असतो. ‘टाकी सफाई’ला मात्र साधे व्हाउचर. मैल्याच्या टाकीत कोण उतरले, त्याचे नाव नाही. विचारले तर उत्तर मिळते, “कंत्राटदार माणसे आणतो, आपल्याला काय करायचे?” ती माणसे कोणत्या वस्तीतली, कोणत्या जातीची, हे न विचारताही सगळ्यांना ठाऊक असते. आपले तळघर ते हेच.

टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो; वायू वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनीच, नवा कायदा लागू झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंत्राटदारामार्फत उतरवले तरी सुटका नाही. मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ते तीस लाख केले. पण पैसे आले म्हणून घरचा माणूस परत येत नाही.

ओमेलास सोडून जाणाऱ्यांचा आम्हाला आदर वाटतो. पण ते गेल्यावरही मूल तळघरातच राहते. आणि कर्ज काढून घेतलेले घर सोडून आपण जाणार कुठे? म्हणून पुढच्या सभेत ठराव मांडा : टाकी मशीनच्या टँकरनेच उपसायची, आत माणूस उतरणार नाही, आणि काम करणाऱ्याचे नाव व्हाउचरवर लिहायचे. घरामागे थोडे पैसे जास्त लागतील, ते द्यावेत. ज्या घरातला माणूस या कामाला जातो, त्या घरच्या माताभगिनींनी हा कायदा त्याला आजच सांगावा. आणि मुलांनाही सांगावा. गप्प बसण्यासाठी नव्हे, सभेत उठून विचारण्यासाठी.